कारळ्याची प्लेट: रोगकारक यीस्ट आणि त्यांना वाढवण्याचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हा मायक्रोबायोलॉजीच्या वर्गातला तास दिसतोय. तसं नाही. आम्ही तो इतिहासाच्या बाजूनं मांडणार आहोत, आणि त्यात आपल्या स्वयंपाकघरातले दोन-तीन पदार्थही येणार आहेत.

सुरुवात एका साध्या कागदापासून करू. मेंदूच्या आवरणाला सूज आली असेल अशी शंका आली, की डॉक्टर रुग्णाच्या मणक्यातलं पाणी काढून लॅबकडे पाठवतात. काही दिवसांनी रिपोर्ट येतो: 'वाढ आढळली नाही'. घरची माणसं हे वाक्य 'जंतू नाही' असं वाचतात. पण त्या कागदाचा नेमका अर्थ एवढाच असतो की अमुक खाद्यावर, अमुक तापमानाला, अमुक दिवसांत काही उगवलं नाही. या दोन अर्थांत मोठं अंतर आहे. रोग करणाऱ्या यीस्टच्या बाबतीत ते अंतर समजायला शास्त्रज्ञांना शंभर-सव्वाशे वर्षं लागली. आजचं व्याख्यान त्या अंतराविषयी आहे.

एक बुरशी, शंभर नावं

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. पाव फुगवणारं यीस्ट सगळ्यांना माहीत आहे. निसर्गात यीस्टच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींचा आपल्याला काही त्रास नाही. रोग करणाऱ्या मोजक्याच. त्यांत सगळ्यांत ओळखीची म्हणजे कॅन्डिडा अल्बिकन्स. तान्ह्या बाळाच्या जिभेवर आणि गालाच्या आतून दह्यासारखा पांढरा थर धरतो, तो बहुधा हिचाच.

१८३९ साली लांगेनबेक या जर्मन डॉक्टरांनी टायफसच्या एका रुग्णाच्या तोंडात ही बुरशी पाहिली आणि त्यांना वाटलं, टायफसचं कारण सापडलं. १८४०च्या दशकात स्टॉकहोमचे बर्ग आणि पॅरिसचे ग्रुबी यांनी तिचा संबंध बाळांच्या तोंडातल्या पांढऱ्या थराशी जोडला. १८५३ मध्ये शार्ल रॉबिन यांनी तिला 'ऑयडियम अल्बिकन्स' म्हटलं. १८९० मध्ये ती 'मोनिलिया' झाली. १९२३ मध्ये ख्रिस्तीन बेर्कहाउट या डच संशोधक बाईंनी आपल्या प्रबंधात 'कॅन्डिडा' हे नाव दिलं, ते आजतागायत टिकलं आहे. मधल्या काळात या एकाच बुरशीला शंभराहून जास्त नावं मिळाली होती.

आता प्रश्न असा की हुशार माणसं एकाच जीवाला शंभर नावं का देतात? एक मोठं कारण असं की तो जीव प्रत्येकाला वेगळा दिसत होता. कुणाच्या काचेवर गोल, फुटवे येणाऱ्या पेशी. कुणाच्या काचेवर लांब तंतू. कुणाला दोन्ही. फ्रान्समधल्या ल्यों शहरात लिनोसिए आणि रू या दोघांनी १८९० च्या सुमारास या बुरशीचं खाद्य बदलून पाहिलं आणि खाद्यानुसार रूप कसं पालटतं याची पद्धतशीर नोंद ठेवली. जाड भिंतीच्या गोल बीजाणूंचं वर्णनही त्यांनी केलं. म्हणजे खाद्य बदललं की रूप बदलतं हे तेव्हाच कागदावर आलं होतं. तरी पुढची कित्येक वर्षं नवी नावं पडतच राहिली, कारण जो तो आपापल्या प्लेटवर दिसलेलं रूप हेच खरं रूप धरून चालत होता.

चायना ग्रास आणि पॅरिसची साखर

त्या काळात सगळ्या लॅबना एकच खाद्य का वापरता येत नव्हतं? त्याला साधी अडचण होती. जंतू वेगवेगळे करून वाढवायचे तर घट्ट पृष्ठभाग लागतो. रॉबर्ट कॉख सुरुवातीला उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या वापरत, मग जिलेटिन वापरू लागले. पण जिलेटिन शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, वितळतं. माणसाच्या शरीरात राहणारा जीव माणसाच्या शरीराइतक्या उबेत घट्ट पृष्ठभागावर वाढवताच येत नव्हता. ही अडचण सोडवली फॅनी हेस या बाईंनी. त्यांचे पती वॉल्टर हेस कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत. मुरंबे आणि जेली घट्ट करायला फॅनीबाई ॲगार वापरत, तेच त्यांनी सुचवलं. साल होतं १८८१. आपल्याकडे वाणसामानाच्या दुकानात जे 'चायना ग्रास' म्हणून मिळतं, तेच हे.

घट्ट पृष्ठभाग मिळाला. त्यात घालायचं काय, हे बुरशीपुरतं ठरवलं पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातल्या रेमों साबूरो यांनी. शाळकरी मुलांच्या डोक्यावरचा नायटा हा त्यांचा मुख्य विषय. त्यांच्या लक्षात आलं की साखर किंवा पेप्टोन यांचा नुसता कारखाना बदलला तरी त्याच बुरशीची वसाहत वेगळी दिसते. मग त्यांनी आग्रहच धरला की माल्टोज अमुकच बनावटीचं आणि पेप्टोन अमुकच बनावटीचं घ्यायचं. १९१० मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला आणि त्यांचं खाद्य जगभर पोचलं. साखर भरपूर, आम्लता थोडी जास्त, म्हणजे जिवाणू मागे राहतात आणि बुरशी पुढे येते. आजही कोणत्याही जिल्ह्याच्या लॅबमध्ये बुरशीसाठी पहिली बाटली काढतात ती साबूरोचीच.

साबूरो यांचं म्हणणं आजच्या भाषेत सांगायचं तर असं: दोन लॅबनी आपापल्या बुरशींची तुलना करायची असेल तर आधी खाद्य सारखं हवं. हे त्यांचं फार मोठं काम. पण त्याची एक दुसरी बाजू आहे. सगळ्यांनी एकच खाद्य धरलं, की त्या खाद्यावर जी वाढत नाही ती यीस्ट सगळ्यांनाच दिसेनाशी होते.

शिबं आणि तेल

याचं उदाहरण आपल्या पाठीवरच आहे. घाम फार येणाऱ्या दिवसांत छाती-पाठीवर फिकट किंवा तपकिरी चट्टे उठतात, त्यांना आपण शिबं म्हणतो. तालमीतल्या पोरांना ती चांगली ठाऊक असतात. ती करणारी यीस्ट म्हणजे मॅलॅसेझिया. फ्रेंच डॉक्टर मालासे यांच्यावरून हे नाव पडलं. त्यांनी १८७४ मध्ये त्वचेच्या खपलीत या पेशी पाहिल्या होत्या.

सूक्ष्मदर्शकाखाली ती सहज दिसायची, पण प्लेटवर नीट वाढायची नाही. १९२७ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले गणपती पांजा यांनी ती वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. हे भारतातलं काम या विषयाच्या इतिहासात आजही उल्लेखलं जातं. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऱ्होडा बेनम यांनी अडचणीचं मूळ दाखवलं: या यीस्टला तेल लागतं. स्वतःला लागणारी काही मेदाम्लं ती बनवू शकत नाही, म्हणून ती आपल्या त्वचेच्या तेलकटपणावर जगते. साबूरोच्या प्लेटवर ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडले की उगवते, नाहीतर नाही.

आणखी गंमत पुढे आहे. शिबं असलेल्या त्वचेवर ही बुरशी आखूड तंतू आणि गोल पेशी अशा मिश्र रूपात दिसते. प्लेटवर मात्र बहुधा नुसत्या यीस्टच्या पेशी येतात. त्यामुळे त्वचेवरच्या रूपाला एक नाव आणि प्लेटवरच्या रूपाला 'पिटिरोस्पोरम' हे दुसरं नाव, अशी दोन नावं कित्येक दशकं शेजारी-शेजारी नांदली. १९७७ मध्ये प्लेटवरच्या यीस्टपासून तंतू तयार करून दाखवता आले, तेव्हा दोन्ही एकच असल्याचं पटलं. १९८०च्या दशकात 'मॅलॅसेझिया' हे एकच नाव कायम झालं.

शिबं म्हणजे काही जिवावरचं दुखणं नाही, म्हणून कुणी म्हणेल की एवढा खल कशाला? तर १९८० नंतर असं लक्षात आलं की अगदी कमी दिवसांच्या बाळांना शिरेतून स्निग्ध द्रव देतात, तेव्हा हीच यीस्ट नळीतून रक्तात शिरू शकते. रक्ताचा नमुना नेहमीच्या पद्धतीनं लावला आणि तेल घातलंच नाही, तर ती निसटू शकते. बाळाला ताप आहे आणि रिपोर्टवर वाढ नाही, अशी वेळ येते.

सीरममधले दोन तास

आता परत कॅन्डिडाकडे येऊ. खाद्यानुसार रूप बदलतं ही तक्रार होती, तिचाच उपयोग करून घ्यायची कल्पना पुढे निघाली. १९५६ मध्ये रेनल्ड्स आणि ब्रॉडी यांनी नोंदवलं की रक्तातल्या सीरममध्ये ३७ अंशांना ठेवलं की कॅन्डिडा अल्बिकन्सच्या पेशीतून दोन-तीन तासांत बारीक नळी फुटते. १९६० मध्ये ताशजियान आणि सहकाऱ्यांनी तिची ओळखचाचणी केली. तिला 'जर्म ट्यूब टेस्ट' म्हणतात. स्वस्त, सोपी, आणि आजही आपल्याकडच्या लॅबमध्ये रोज होते.

पण चाचणीच्या अटी बघा. तापमान ३७ च्या आसपासच हवं. वेळ दोन-तीन तासांचीच, कारण जास्त वेळ ठेवलं तर इतर काही जातीही तंतू काढायला लागतात. आणि पेशी जास्त घालून चालत नाही. हे शेवटचं का, ते फार उशिरा कळलं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात असं दिसलं की कॅन्डिडाच्या पेशी फार्नेसॉल नावाचं द्रव्य बाहेर सोडतात. गर्दी वाढली की ते साठतं आणि तंतू फुटायचे थांबतात. म्हणजे तंत्रज्ञानं घाईत मोठा गोळा सीरममध्ये ढवळला, तर यीस्ट तीच असूनही उत्तर 'नाही' येऊ शकतं.

तापमानाचं याहून मोठं उदाहरण याच बुरशीत आहे. शंभर वर्षं पाठ्यपुस्तकं सांगत होती की कॅन्डिडा अल्बिकन्सला लैंगिक प्रजनन नाही. १९८७ मध्ये आयोवाच्या डेव्हिड सॉल यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की तिची एकाऐवजी दोन रूपं असतात, पांढऱ्या वसाहतींचं आणि मळकट, अपारदर्शक वसाहतींचं. यातलं दुसरं रूप सुमारे २५ अंशांना टिकतं आणि ३७ अंशांना बहुतेक वेळा पांढऱ्यात परततं. २००२ मध्ये मिलर आणि जॉन्सन यांना आढळलं की या अपारदर्शक रूपातल्या पेशींचाच संकर उत्तम होतो. रोगाचा जंतू म्हणून सगळे तिला ३७ अंशांना वाढवत होते, आणि तिची ही बाजू दिसायला थंडावा लागत होता.

कारळे

आता आपल्या ताटाकडे येऊ. कोल्हापूरकराला कारळ्याची चटणी समजावून सांगायची गरज नाही. कारळ्याचं शास्त्रीय नाव ग्विझोशिया ॲबिसिनिका. नाशिककडे त्याला खुरासणी म्हणतात. युरोप-अमेरिकेत हे काळं बी माणसं फारशी खात नाहीत, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना घालतात.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स नावाची यीस्ट आहे. १८९४ मध्ये ती दोन ठिकाणी सापडली. इटलीत सान्फेलिचे यांना आंबलेल्या पीचच्या रसात, आणि जर्मनीत बुसे यांना एका तरुण बाईच्या पायाच्या हाडातल्या गाठीत. एक फळाच्या रसातली, एक माणसाच्या हाडातली. ही यीस्ट श्वासातून फुप्फुसात जाते आणि प्रतिकारशक्ती ढासळली असेल तर मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. १९५५ मध्ये अमेरिकेच्या चेस्टर एमन्स यांना ती पारव्यांच्या घरट्यांत आणि विष्ठेत मोठ्या प्रमाणात मिळाली.

पण विष्ठेत, मातीत हजार प्रकारच्या बुरश्या असतात. त्यांतून ही नेमकी कशी ओळखायची? १९६२ मध्ये फ्रीडरिश स्टाइब या जर्मन संशोधकांनी पक्ष्यांची विष्ठा आणि पक्ष्यांचं खाद्य या दोहोंवर काम केलं. कारळ्याच्या अर्काच्या ॲगारवर बाकीच्या यीस्टच्या वसाहती फिक्या राहतात आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सच्या मात्र तपकिरी होतात, हे त्यांना दिसलं. योगायोग असा की आपलं शिवाजी विद्यापीठही त्याच वर्षीचं. १९६६ मध्ये शील्ड्स आणि अजेलो यांनी या खाद्यात इतर बुरश्यांना आवर घालणारी द्रव्यं मिसळली आणि ते मातीच्या नमुन्यांसाठी सोयीचं झालं. जगातल्या कुठल्याही वैद्यकीय बुरशीशास्त्राच्या पुस्तकात आज 'नायजर सीड ॲगार' सापडतो. ते हेच कारळे.

रंग का येतो? कारळ्यात कॅफेइक आम्लासारखी द्रव्यं असतात. या यीस्टकडे लॅकेझ नावाचं विकर आहे, ते त्या द्रव्यांपासून मेलॅनिन बनवतं. आपल्या केसांत आणि कातडीत असतं त्याच जातकुळीचं रंगद्रव्य. हे मेलॅनिन यीस्टला संरक्षक पेशींच्या माऱ्यापासून वाचवतं. १९८२ मध्ये असं दाखवलं गेलं की ज्या क्रिप्टोकॉकसला मेलॅनिन बनवता येत नाही, तो उंदरांत फारसा रोग करत नाही. मेंदूत डोपामाइनसारखी द्रव्यं असतात, त्यांपासूनही हे विकर मेलॅनिन करू शकतं. म्हणजे प्लेटवरचा तपकिरी रंग नुसती ओळखीची खूण नव्हता, रोग करण्याच्या ताकदीचाच तो एक भाग होता.

इथंही अटी आहेतच. साखर जास्त झाली की हे विकर दबतं आणि वसाहती पांढऱ्या राहतात. म्हणून कारळ्याच्या प्लेटमध्ये ग्लुकोज नावालाच असतं, लिटरला एखादा ग्रॅम. ३७ अंशांपेक्षा २५ ते ३० अंशांना रंग चांगला येतो. आणि पक्कं लक्षात ठेवण्यासारखी एक गोष्ट: १९५०च्या दशकात नायट्याच्या बुरश्या शोधण्यासाठी साबूरोच्या खाद्यात सायक्लोहेक्झिमाइड घालायची पद्धत पडली, म्हणजे हवेतल्या बुरश्या मध्ये येत नाहीत. कॅन्डिडा अल्बिकन्सला त्याचं काही वाटत नाही. क्रिप्टोकॉकस मात्र त्यानं दबतो. मणक्यातलं पाणी चुकून त्या बाटलीत लावलं, तर रिपोर्ट 'वाढ नाही' येईल आणि रुग्णाच्या मेंदूत यीस्ट वाढतच राहील.

१९९०च्या दशकात एचआयव्ही पसरला तेव्हा हा विषय पुस्तकातून वॉर्डात आला. सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यानं तो काळ पाहिला आहे. एड्सच्या रुग्णाला आठवडे टिकणारी डोकेदुखी, ताप, उलट्या, आणि निदान क्रिप्टोकॉकसचं. त्या वेळी मुख्य भिस्त होती ती इंडिया इंकवर: काळ्या शाईच्या थेंबात पेशीभोवतीचं पांढरं वलय दिसतं का ते बघायचं. आज प्रतिजन शोधणारी पट्टी काही मिनिटांत उत्तर देते आणि तिला खाद्याची गरज लागत नाही. तरी ही यीस्ट निसर्गात कुठे राहते हे शोधायला कारळेच लागले. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या एच. एस. रंधावा यांच्या गटानं २००३ मध्ये जांभूळ आणि पिंपळाच्या जिवंत झाडांच्या ढोलीतल्या कुजक्या लाकडात क्रिप्टोकॉकस दाखवला, तो याच प्लेटवर.

लॅबमध्ये राहून बदललेले

आतापर्यंत आपण बोललो ते खाद्य बदललं की रूप बदलतं याबद्दल. खाद्य मूळ रूपावर परत आणलं की रूपही परततं, असं यात गृहीत होतं. पण काही बदल परतत नाहीत.

१९७८ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या जॉन परफेक्ट यांनी एका रुग्णाकडून क्रिप्टोकॉकसचा एक वाण मिळवला. त्याचं नाव एच ९९. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी तो मागून नेला आणि शेकडो शोधनिबंध त्याच्यावर झाले. दर काही आठवड्यांनी नव्या प्लेटवर लावायचा, वाढवायचा, पुढे द्यायचा. २०१४ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा या पिढ्यांची तुलना झाली. एकाच एच ९९ चे अनेक उपवंश झाले होते आणि त्यांतले काही उंदरांत दुबळे पडले होते. दुसऱ्या एका प्रमाणित वाणाबद्दल असंच १९९८ मध्येही आढळलं होतं: वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडून 'तोच' वाण मागवला, तर वाढीचा वेग, आवरण आणि रोग करण्याची ताकद वेगवेगळी.

याचा अर्थ सरळ आहे. गोड खाद्याच्या प्लेटवर मेंदूत शिरायची गरज नसते. तिथं जी पेशी पटकन वाढते तिची संख्या वाढते. शेतकऱ्याला हे सांगायला नको; तेच बियाणं दहा वर्षं घरचंच पेरलं की काय होतं, ते तो जाणतो.

हवेचंही तसंच. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो, शरीराच्या आत तो पाच टक्क्यांच्या आसपास. १९८५ मध्ये दाखवलं गेलं की कार्बन डायऑक्साइड शरीराइतका दिला की क्रिप्टोकॉकसचं आवरण जाड होतं. लॅबमधल्या उघड्या हवेत तेच आवरण बारीक राहतं. २०१९ मध्ये पुढची पायरी कळली: निसर्गातून आणलेल्या कित्येक वाणांना एवढा कार्बन डायऑक्साइड सोसतच नाही. रुग्णांकडून मिळालेले वाण तो सोसतात. नेहमीच्या प्लेटवर मात्र दोघेही सारखेच छान वाढतात.

मीठ आणि ऊब

आता अलीकडची गोष्ट. २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्ध बाईंच्या कानातून एक नवी यीस्ट मिळाली. ऑरिस म्हणजे कान, म्हणून कॅन्डिडा ऑरिस. २०१३ मध्ये दिल्लीच्या अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती भारतातल्या रुग्णालयांत असल्याचं आणि फ्लुकोनॅझोलला दाद देत नसल्याचं प्रसिद्ध केलं. तोवर ओळखीची यंत्रं तिला भलत्याच जातीचं नाव देत होती.

तिचा स्वभाव कळला तो तापमानातून आणि मिठातून. ती ४० ते ४२ अंशांनाही वाढते आणि दहा टक्के मिठातही तगते. म्हणून २०१७ मध्ये तसंच खारट, गरम खाद्य करून रुग्णालयांत तिचा शोध सुरू झाला. २०१९ मध्ये कासाडेव्हाल आणि सहकाऱ्यांनी एक तर्क मांडला: हवामान तापत असल्यामुळे निसर्गातली एखादी यीस्ट आपल्या शरीराच्या उबेला सरावली असेल का? २०२१ मध्ये चौधरी यांच्याच गटाला अंदमानच्या किनाऱ्यावर ती सापडली. खाऱ्या दलदलीतल्या एका वाणाची वाढ जास्त उबेत इतरांपेक्षा मंद होती. तर्काला हा एक दुजोरा आहे, सिद्धता नव्हे. पण प्रश्न कसा विचारला जातोय ते पहा. या जंतूचा पूर्वेतिहास शोधायचा, तर तो किती अंशांना किती वाढतो हेच विचारावं लागतं.

कोल्हापुरात

हे सगळं लांबचं नाही. आपल्या कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात प्रा. एस. मोहन करुप्पयिल आणि त्यांचे विद्यार्थी कॅन्डिडा अल्बिकन्सवर काम करत आले आहेत. त्याआधी ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात होते. गोल पेशीचे तंतू कसे होतात, नळ्या-कवळ्यांवर थर कसा धरतो, आणि वनस्पतिज द्रव्यांनी किंवा जुन्या औषधांनी ते अडवता येतं का, हा त्यांचा विषय. अशा कामात एकट्या सीरमवर विसंबून चालत नाही. प्रोलीन, ग्लुकोज, एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन असे वेगवेगळे प्रेरक वापरून तंतू काढले जातात. एका खाद्यावर तंतू अडवणारं द्रव्य दुसऱ्या खाद्यावर तसंच वागेल असं नसतं, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

आणि एक आपल्या हवेची गोष्ट. युरोपात लिहिलेल्या पुस्तकात 'रूम टेम्परेचरला ठेवा' असं असतं. तिथं त्याचा अर्थ २२ ते २५ अंश. कोल्हापुरात एप्रिलमध्ये दुपारी पारा ३५ च्या वर जातो. एसी नसलेल्या खोलीत टेबलावर ठेवलेली प्लेट पुस्तकातल्या तापमानाला नसते. कारळ्याचा रंग किंवा अपारदर्शक रूप अशा गोष्टी दहा अंशांच्या फरकानं पालटतात. म्हणून आमचं विद्यार्थ्यांना सांगणं असतं: वहीत 'रूम टेम्परेचर' लिहू नका, थर्मामीटर बघून आकडा लिहा. साबूरो साखरेच्या बनावटीचा आग्रह धरत होते, त्यामागे हेच होतं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: कारळ्याची चटणी खाण्याचा आणि या रोगाचा काही संबंध आहे का?

उत्तर: काही नाही, निर्धास्त खा. कारळे यीस्टला जन्म देत नाहीत, फक्त तिचा रंग उघडा पाडतात. रोगाचा मार्ग श्वासातून आहे.

प्रश्न: मग पारव्यांची भीती बाळगायची का?

उत्तर: आपल्यातल्या अनेकांच्या श्वासात ही यीस्ट कधी ना कधी गेली असेल, आणि निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, एचआयव्ही असलेले, अवयव बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, त्यांनी वाळलेली विष्ठा झाडू नये. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आधी पाणी मारून, तोंडाला मास्क लावून ती काढावी. कोरडी झाडली की धूळ उडते, अडचण त्या धुळीची आहे.

प्रश्न: यीस्टच्या रिपोर्टमध्ये कुठलं औषध चालेल याचा तक्ता असतो. तोही खाद्यावर अवलंबून असतो का?

उत्तर: हो, आणि पूर्वी फारच होता. एकाच यीस्टसाठी एक लॅब 'औषध चालेल' म्हणायची आणि दुसरी 'चालणार नाही'. म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेत एक प्रमाणपद्धत पक्की झाली: आरपीएमआय १६४० हे ठरावीक खाद्य, पीएच ७, तापमान ३५ अंश. हे खाद्य मुळात प्राण्यांच्या पेशी वाढवण्यासाठी बनवलेलं. त्यामुळे आज दोन लॅबच्या आकड्यांची तुलना करता येते. रुग्णाच्या शरीरात मात्र परिस्थिती वेगळी असते, म्हणून डॉक्टर तो तक्ता आणि रुग्णाची अवस्था दोन्ही बघून ठरवतात.

प्रश्न: आमच्यासारख्या सामान्य माणसानं 'वाढ आढळली नाही' असा रिपोर्ट आला तर काय करायचं?

उत्तर: घाबरायचं नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. बुरशीसाठी वेगळी प्लेट लावली होती का? ती किती दिवस ठेवली होती? आणि नमुना घेण्याआधी बुरशीचं औषध सुरू झालं होतं का? क्रिप्टोकॉकसची शंका असेल तर प्रतिजनाची तपासणी झाली का, हेही विचारा. प्लेट दोन दिवसांत टाकून दिली असेल तर त्या 'नाही'ला फारसं वजन नाही. क्रिप्टोकॉकस उगवायला बऱ्याचदा तीन ते पाच दिवस घेतो आणि कधी त्याहून जास्त. हे प्रश्न विचारण्यात डॉक्टरांवर किंवा लॅबवर अविश्वास नाही. लॅबमधली माणसंही आपसात हेच प्रश्न विचारतात.

वेळ संपली आहे.